पांढऱ्या कडा

बुधवारच्या बैठकीत माझ्या वडिलांना टाळ्या पडतात. म्हणजे त्यांच्या छातीच्या स्कॅनला पडतात. ते स्वतः त्या वेळी घरी शब्दकोडं सोडवत असतात आणि आपण कुठे गाजतोय याचा त्यांना पत्ताही नसतो. नाव झाकलेलं असतं. 'पुरुष, वय अडुसष्ट, आधी दगडकाम, मग गिलावा,' एवढंच मी म्हणतो आणि बटण दाबतो, की अंधारलेल्या खोलीत भिंतभर बाबा उमटतात, आडवे कापलेले. मधे हृदय, दोन्हीकडे फुप्फुसांचा काळोख, आणि फुप्फुसांच्या मुळाशी ज्या गाठी असतात त्या प्रत्येकीभोवती अंड्याच्या टरफलासारखी पातळ, गोल, पांढरी कडा. सात गाठी, सात टरफलं. दगडाची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की या गाठींच्या कडेनं कधीकधी असा चुना धरतो. पुस्तकात याचं एक चित्र असतं, आणि ते फार बरं नसतं. बाबांचं बरं आहे. पहिल्यांदा दाखवलं तेव्हा आमच्या विभागप्रमुखांनी, ज्यांना आम्ही पाठीमागे थोरले म्हणतो, चष्मा काढून पुसला आणि परत घातला. आमच्याकडे याला दाद म्हणतात. दुसऱ्यांदा बाहेरच्या हॉस्पिटलचे लोक आले होते, तेव्हा टाळ्या. या बुधवारी तिसरी वेळ होती, आणि टाळ्या पडायच्या बेतात असताना दार उघडून स्कॅनच्या बाई आत आल्या. बाई सव्वीस वर्षं त्या मशीनवर आहेत. चित्रं त्या काढतात, वाचतो आम्ही, आणि बैठकीला त्यांना कुणी बोलावत नाही. थोरल्यांची एक सही हवी होती. सही होईपर्यंत त्या भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या.

"हे ते गृहस्थ ना," त्या म्हणाल्या, "श्वास रोखा म्हटलं तर सोडेचनात. मशीन थांबलं तरी हे आपले रोखूनच."

लोक हसले. मीही हसलो, अनोळखी माणसाला हसावं तितकंच. बाईंना मी स्कॅनच्या वेळी 'ओळखीचे आहेत' असं सांगितलं होतं, जे खोटं नाही.

"पण हा शार्प सेट लावलाय, डॉक्टर. ती खालची गोळी मऊ सेटमध्ये इतकी पांढरी नव्हती. माप घेतलंत ना तिचं?"

"घेतलंय," मी म्हणालो.

घेतलं नव्हतं.

एका स्कॅनमधून कॉम्प्युटर दोन सेट बनवतो, एक मऊ आणि एक शार्प. माणूस तोच, श्वास तोच, फक्त शार्प सेटमध्ये प्रत्येक गोष्टीची कड कुणीतरी टोकदार पेन्सिलीनं गिरवल्यासारखी दिसते. टरफलं त्यात देखणी दिसतात म्हणून मी तो लावतो. तोटा एवढाच, की बारीक गोळ्या त्यात आहेत त्याहून पांढऱ्या दिसतात, म्हणून एखाद्या गोळीत चुना आहे की नाही ते शार्प सेटवर ठरवायचं नसतं. हे मी शिकवतो. मंगळवारी अकरा वाजता, तिसऱ्या मजल्यावर. त्याच तासाला हेही सांगतो, की आपल्या कामात चुना म्हणजे बहुतेक वेळा चांगली बातमी. कधीतरी काही झालं होतं, शरीरानं ते लढून संपवलं, भोवती भिंत बांधली आणि भिंतीवर गिलावा केला. गोळी सगळीच्या सगळी पांढरी असेल, किंवा मधोमध ठिपका असेल, किंवा कांद्यासारखे पापुद्रे असतील, तर पेशंटला घरी पाठवा आणि तुम्हीही जेवायला जा. पांढरं एकाच कडेला असेल, किंवा मीठ भुरभुरावं तसं विखुरलेलं असेल, तर जेवण राहू द्या. मुलं इथे हसतात. गेली चार वर्षं याच जागी हसतात. आणि डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, आकडा काढा, हे शेवटचं वाक्य. बाबांच्या उजव्या फुप्फुसात खालच्या बाजूला नऊ मिलिमीटरची एक गोळी होती. सात टरफलांच्या शेजारी ती त्यांच्याच घराण्यातली वाटली. मी लिहिलं: जुना, बरा झालेला, चुना धरलेला ठिपका, काळजीचं कारण नाही. वरच्या टरफलांवर मात्र मी तीन परिच्छेद लिहिले होते.

बैठक सुटल्यावर मी माझ्या खोलीत आलो, बाबांचा मऊ सेट उघडला आणि त्या गोळीवर माऊसनं एक छोटं वर्तुळ काढलं. वर्तुळ काढलं की शेजारी आकडा येतो. पाणी म्हणजे शून्य. हवा म्हणजे उणे हजार. चुना दोनशेच्या वर, हाड त्याच्याही वर. आकडा आला एकेचाळीस. एकेचाळीस म्हणजे मांस. जिवंत, ताजं, कुणीही भिंत न बांधलेलं. वर्तुळ पुसून परत काढलं, एकोणचाळीस. परत, बेचाळीस. आकडा बदलेल अशी आशा नव्हती, हाताला दुसरं काम नव्हतं. मग मी वाट पाहिली. अशा वेळी माणसाला काहीतरी होतं असं मी ऐकून होतो. पोटात खड्डा पडतो, पायाखालची जमीन सरकते वगैरे. जमीन जागेवर होती. खुर्चीचं एक चाक नेहमीसारखं अडत होतं. जिभेवर दाताच्या डॉक्टरकडून आल्यावर असतं तसं काहीतरी जाड, परकं बसलं होतं, आणि मी त्या जिभेनं टेबलावरचं एक बिस्किट खाल्लं, कारण ते उघडं होतं आणि मऊ पडलं असतं. मग यादीत पुढचं नाव होतं ते उघडलं. जेवायच्या सुट्टीपर्यंत मी चौदा स्कॅन वाचले. एका आजींच्या फुप्फुसात मक्याच्या लाहीसारखा फुललेला चुना होता, इतका उघड की शिपाईसुद्धा ओळखेल. मी त्याचं सहा ठिकाणी माप घेतलं आणि सहाही आकडे अहवालात लिहिले. त्या दिवशी माझ्याइतका काळजीपूर्वक डॉक्टर त्या इमारतीत दुसरा नव्हता.

चौदांच्या मधे मधे बाबा येत होते. आठवण म्हणावं असं काही नाही, यादीतलंच एखादं नाव उघडावं तसे. मी लहान असताना ते कामावरून पापण्यांपर्यंत पांढरे होऊन घरी यायचे आणि आई त्यांना दाराबाहेर उभं करून कपडे झटकायला लावायची. "आत येताना एकटे या, भिंत नका आणू," म्हणायची. ते झटकायचे, आणि जिन्यातल्या उजेडात त्यांच्याभोवती एक दुसरा, फिकट, मोठा बाबा तयार व्हायचा आणि हळूहळू खाली बसायचा. मी त्याच्यात हात घालायचो. त्या धुळीतली थोडी माझ्याही छातीत असणार, हे मला मंगळवारच्या तासाला अधूनमधून सुचतं, पण ते अभ्यासक्रमात नाही. कुणाच्याही घरी गेलो की बाबा बोटाच्या पेरानं भिंती वाजवत फिरायचे. काकांच्या घरी, शाळेत माझ्या मुख्याध्यापकांच्या खोलीत, एकदा तर आत्याच्या लग्नाच्या बोलणीत, नवऱ्याकडच्यांच्या बैठकीच्या खोलीत. गिलावा धरलेला असेल तर आवाज ठक्क येतो, सुटलेला असेल तर ढप्प. "ढप्प आहे हो," असं त्यांनी होणाऱ्या व्याह्यांना सांगितलं होतं. लग्न झालं, पण आत्याला ते अजून ऐकवतात. एकदा एका नव्या घराच्या किल्ल्या दुसऱ्या दिवशी द्यायच्या होत्या, रंगसुद्धा झाला होता. बाबा मला घेऊन सहज बघायला गेले, आणि कपाटाच्या मागे, जिथे कुणाचा हात कधी गेला नसता, तिथे ढप्प वाजलं. त्यांनी छिन्नी काढली. घरमालक आला, किंचाळला, "अहो, कपाटामागे कोण बघतंय!" बाबा म्हणाले, "मी बघितलं ना आत्ता," आणि अख्खी भिंत खाली आणली. मी रंगाच्या डब्यावर बसून पाय हलवत होतो. मला आठवतं ते एवढंच, की मला भूक लागली होती आणि त्यांना ते सांगायची ही वेळ नाही हे कळत होतं.

दहा महिन्यांपूर्वी आईनंच खोकल्यापायी त्यांना पाठवलं होतं. घरच्यांचं चित्र घरच्यानं वाचायचं नाही, असा आमच्यात दंडक आहे; कुठे लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात. मी ते दुसऱ्याच्या यादीत टाकणारच होतो. फक्त सहज म्हणून उघडलं, टरफलं दिसली, आणि मग ते सोडवेना. अशी केस दुसऱ्याच्या हातात देणं म्हणजे सापडलेला दागिना चौकीत जमा करणं. संध्याकाळी घरी जाऊन मी बाबांना त्यांच्या छातीतलं काम समजावून सांगितलं. ते फार खूश झाले. "म्हणजे आतून पण गिलावाच?" "हो." "आणि धरलाय?" "पक्का." पुढचे दहा महिने त्यांनी हे न्हाव्याला, वाण्याला, पोस्टमनला आणि जिन्यात भेटेल त्याला सांगितलं. पाहुणे आले की ते छातीवर पेर वाजवून दाखवायचे. ठक्क. खोकला मधे कमी झाला होता, मग परत आला, मग त्याची सवय झाली. आई म्हणायची, "परत एकदा बघ ना रे," आणि मी म्हणायचो, "अगं, बघितलंय."

चार वाजता मी थोरल्यांच्या खोलीत गेलो.

"सर, ती टरफलं माझ्या बाबांची आहेत."

थोरल्यांनी मान वर केली. हे वाक्य त्यांनाही आयुष्यात पहिल्यांदाच ऐकायला मिळत होतं. "कसली, ती अंड्याची?"

"हो."

"बरं. मग?"

"खालची गोळी एकेचाळीस आहे."

त्यांनी चष्मा काढला. पुसला नाही. "वाचलं कुणी होतं?"

"मी."

"घरचं?"

"हो."

"आणि मी दोनदा मान डोलावली," थोरले म्हणाले, बहुतेक टेबलाला. त्यांच्या खोलीत एक मासा आहे, काचेच्या भांड्यात. तो एका टोकाला जायचा, काचेला तोंड लावायचा, आणि काहीतरी नवीन कळल्यासारखा वळायचा. "उद्या सकाळी आण त्यांना. वाचणार मी. तू खोलीतसुद्धा थांबायचं नाहीस. ऐकतोयस ना?"

"ऐकतोय."

"तू जरा बस तरी."

"मी बसलोय, सर."

बसलो होतोच.

बाबांना फोन केला. मी दुपारी फोन केला की त्यांना वाटतं नळ गळतोय.

"का रे, काय फुटलं?"

"काही नाही. उद्या सकाळी जरा हॉस्पिटलला या. छातीचा स्कॅन परत काढू."

"ते तर कायमचं आहे म्हणालास. पक्कं काम."

"हो. तरी."

"तरी म्हणजे?"

"दहा महिने झाले. परत बघायचा नियम असतो."

"नियम आज केला काय?" ते हसले, हसण्याचं खोकल्यात रूपांतर झालं, आणि मी फोन कानापासून न हलवता तो शेवटपर्यंत ऐकला. कोरडा, आखूड, चार वेळा. "आईला घेऊन येऊ? तिला तुझी खोली बघायचीय केव्हापासून."

"नको. आईला नको."

फोनमध्ये त्यांच्या मागे कुकरची शिट्टी झाली. ती संपेपर्यंत ते थांबले. "बरं," म्हणाले, "आईला नको म्हणतोयस तर येतो."

सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले, जो लगेच काढावा लागला. हॉस्पिटलच्या झग्यात सगळीच माणसं एका कुटुंबातली दिसतात, पण बाबांचे हात झग्यात बसत नव्हते. कोपरापासून पुढे ते कुठल्यातरी मोठ्या माणसाचे असल्यासारखे बाहेर आले होते. बाईंनी त्यांना टेबलावर निजवलं. "या वेळी सोडा म्हटलं की सोडायचं हं, काका," त्या म्हणाल्या. बाबा म्हणाले, "तुम्ही जरा जोरात सांगा, मागच्या वेळी मला ऐकू आलं नव्हतं. म्हटलं सांगतील तेव्हा सोडू." काल बैठकीत सगळे यावरच हसले होते, मीही. त्यांना ऐकू आलं नव्हतं. मी काचेमागे उभा राहिलो. टेबल आत गेलं, मशीनचा तो धुऊन काढल्यासारखा आवाज झाला, टेबल बाहेर आलं. सगळं मिळून सात सेकंद. बाईंनी चित्रं थोरल्यांना पाठवली आणि कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडून जरासा पलीकडे वळवला. माझ्याकडे न बघता वळवला. मी त्यांना थँक्यू म्हणालो, कशाबद्दल ते दोघांनाही कळलं नाही, किंवा कळलं.

पंचवीस मिनिटांनी थोरल्यांनी बोलावलं. "चौदा मिलिमीटर," ते म्हणाले. "आणि कडेला काटे आहेत."

"नऊ होती."

"नऊ होती. बाकी कुठे काही दिसत नाही. यकृत साफ आहे, हाडं साफ आहेत. त्या गाठींचं मात्र मला सांगता येत नाही. तुझी ती टरफलं. आत काही नवीन बसलंय का, ते त्या पांढऱ्यामुळे धड दिसतच नाही. सुई घालून तुकडा काढावा लागेल, मग बहुतेक ऑपरेशन." त्यांनी माशाकडे बघितलं. "दहा महिन्यांपूर्वी काढली असती तर तेव्हाच संपलं असतं की नाही, हे कुणी सांगू शकत नाही. तूही सांगू नकोस. त्यांच्याशी मी बोलू का?"

"नको. मी बोलतो."

"तुला जमेल?"

"माहीत नाही," मी म्हणालो. कालपासूनचं हे माझं पहिलं बिनचूक निदान असावं.

बाबांना मी माझ्या खोलीत घेऊन आलो. खोलीत दिवा नसतो, पडद्यांचाच उजेड असतो, दोन मोठे पडदे, शेजारी शेजारी. त्यांनी आल्या आल्या सवयीनं भिंत वाजवली. "प्लायवूड आहे ही," म्हणाले, आणि चाक अडणाऱ्या खुर्चीत बसले. शर्टाची बटणं एक घर चुकून लागली होती. मी ती बघत बोललो. म्हणालो, त्या सात गाठींवरचा चुना खरा आहे. पण खाली एक गोळी आहे, ती चुन्याची आहे असं मी सांगितलं होतं, ती चुन्याची नाही. ती वाढलीय. ती कॅन्सरची असू शकते. बहुतेक आहे. तुकडा काढून बघावा लागेल. हे मी ज्या आवाजात मंगळवारी बोलतो त्याच आवाजात बोललो. दुसरा आवाज मी शोधला होता, सापडला नाही.

बाबांनी दोन्ही हात गुडघ्यांवर उपडे ठेवले होते, ओल्या भिंतीला आधार द्यावा तसे.

"मशीन चुकलं होतं?" त्यांनी विचारलं.

हा दरवाजा होता. उघडा होता, त्यांनीच उघडला होता आणि स्वतः बाजूला उभे राहिले होते. मशीनला बोलता येत नाही.

"नाही," मी म्हणालो. "मी चुकलो. माप घेतलं नाही. घ्यायचं असतं."

"का नाही घेतलं?"

"तुमच्या गाठी छान दिसत होत्या. त्याच बघत बसलो."

बाहेर स्ट्रेचरची चाकं गेली. बाबांनी खोकला आवरला, दोन्ही ओठ मिटून, छातीतल्या छातीत.

"दाखव," ते म्हणाले.

"काय?"

"मला दाखव. कुठंय ते."

मी डाव्या पडद्यावर दहा महिन्यांपूर्वीचा स्कॅन लावला, उजव्यावर आजचा. दोन्ही मऊ सेट. बोलायला तोंड उघडलं, की प्रथम हृदय ओळखू या, मग श्वासनलिका, असं आम्ही नव्या माणसाला दाखवतो, वरून सुरुवात करून हळूहळू खाली. त्यांनी हातानंच गप्प केलं. खुर्ची पुढे घेतली, चाक अडलं, त्यांनी ती उचलून पुढे ठेवली. अडुसष्ट वर्षांचा, दहावी नापास, चष्मा घरी विसरलेला माणूस, एक डोळा बारीक करून, भिंत तिरप्या उजेडात बघावी तसा डोकं कलतं करून बघत राहिला. मी हळूहळू चित्र खाली सरकवत होतो. टरफलं आली आणि गेली, ती त्यांनी बघितलीसुद्धा नाहीत.

"थांब," ते म्हणाले.

मी थांबलो. त्यांचं बोट पडद्याला टेकलं. उजव्या नाही, डाव्या.

"हे ना?"

"हो."

"इथं तर तेव्हापण आहे की."

"हो."

"दिसतंय की रे."

"हो, बाबा."

त्यांनी बोट काढलं. काचेवर त्या जागी एक तेलकट, राखाडी ठसा राहिला, बिनरेषांचा; चुन्यानं त्यांच्या बोटांवरच्या रेषा कधीच खाऊन टाकल्यात. पडद्यावर डाग दिसला की तो काचेवर आहे की छातीत, हे ओळखायची आमची एक साधी रीत आहे. चित्र सरकवायचं. काचेवरचा जागेवर राहतो, छातीतला सरकतो. ही शंका मला नव्हती, तरी माझं बोट माऊसच्या चाकावर गेलं. ठसा जागेवर राहिला. त्याच्या खाली ती गोळी बारीक झाली, नाहीशी झाली, काळोख आला, स्वच्छ, आणि मी तिथेच थांबलो. जिथे काही नव्हतं अशा ठिकाणी.

बाबा अजून बघत होते.

"मागं घे," ते म्हणाले.